मुलांशी बोलायला सर्टिफिकेट कशाला?

"बाई, मुलांशी बोलायला सर्टिफिकेट कशाला लागतंय? वीस वर्षं बोलताच आहात की!"

माझ्या रजेच्या अर्जावर शिक्का मारता मारता आमच्या शाळेतले क्लार्कभाऊ म्हणाले आणि स्टाफरूममध्ये एकच हशा पिकला. मीही हसले. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आज सांगते.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा अनुदानित, पाचवी ते दहावी. २०१४ च्या जानेवारीतली गोष्ट. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्यामागून घुटमळत आली. हुशार, अक्षर मोत्यासारखं. म्हणाली, "बाई, एक सांगायचंय, पण घरी सांगू नका." वरच्या वर्गातला एक मुलगा तिच्या वाटेवर सायकल घेऊन थांबत होता, दप्तरात चिठ्ठ्या टाकत होता. तिला भीती वाटत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काळजी करू नकोस, मी बघते," म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी तिच्या आईला गाठून सगळं सांगितलं! एक आई म्हणून, एक शिक्षिका म्हणून मी योग्य तेच करतेय असं मला वाटत होतं. शपथेवर सांगते, मनात दुसरं काही नव्हतं.

आठ दिवसांत मुलीचं शाळेत येणं बंद झालं. चौकशी केली तर "मामाकडं गेलीय" असं उत्तर. आणि अक्षय्य तृतीयेला तिचं लग्न लागलं. चौदा वर्षं वय. मला कळलं ते दोन दिवसांनी, भाजी घेताना, बाजारात.

मुलाचं काय झालं? काही नाही. तो दहावी झाला.

तेव्हापासून वर्गात एखादी मुलगी "बाई..." म्हणून जवळ आली की माझ्याच पोटात गोळा यायचा. वीस वर्षं मी मुलांशी बोलत होते हे खरंच. पण मुलांचं ऐकायचं कसं, ऐकलेलं कुठं ठेवायचं, कुठं पोचवायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. बी.एड.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता. पाव्हलॉवचा कुत्रा आणि थॉर्नडाइकची मांजर पाठ केली, झालं!

एनसीईआरटीच्या 'डिप्लोमा कोर्स इन गायडन्स अँड काउन्सेलिंग'ची माहिती मला एका प्रशिक्षणात मिळाली. वर्षभराचा अभ्यासक्रम. पहिले सहा महिने घरी बसून अभ्यास आणि असाइनमेंट, मग तीन महिने केंद्रावर राहून प्रत्यक्ष शिक्षण, आणि शेवटचे तीन महिने आपापल्या गावी इंटर्नशिप. आपल्या महाराष्ट्राला जवळचं केंद्र भोपाळचं, तिथल्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत. शिक्षण इंग्रजी-हिंदीत. म्हणजे भाषेची धास्ती आलीच. पण त्याहून मोठी धास्ती त्या मधल्या तीन महिन्यांची. जुलै ते सप्टेंबर. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं घर सोडून होस्टेलवर राहायचं!

संस्थेनं रजा दिली, पण बिनपगारी. (संस्थेचं नाव सांगत नाही, अजून तिथेच भाकरी खाते.) ह्यांचा सूर "तुला झेपेल का?" असा होता. हा प्रश्न नवरे काळजीनं विचारतात की नकार म्हणून, हे लग्नाला कितीही वर्षं झाली तरी कळत नाही. सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "अगं, महालक्ष्म्या कोण बसवणार?" मराठवाड्यातल्या बायकांना या प्रश्नाचं वजन सांगायला नको. उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, पुरणपोळी, सगळं गावजेवण. त्या वर्षी, २०१७ साली, भाद्रपद भोपाळच्या मुक्कामातच येत होता.

मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगितली. आधी कधीच सांगितली नव्हती. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं. म्हणाल्या, "धाकटीला बोलावते पुण्याहून. तू जा." जाऊबाई रुसल्या, पण आल्या. त्यांचे उपकार आहेत.

मनमाडला गाडी पकडून मी भोपाळला उतरले. संस्था श्यामला हिल्सवर. पाऊस, खाली मोठा तलाव, आणि आजूबाजूला गुजरात, छत्तीसगड, मध्य प्रदेशातले शिक्षक. पहिल्या आठवड्यात वाटलं, हे तर सोपं आहे. व्याख्यानं ऐकायची, टिपणं काढायची, विद्यार्थिनी असताना केलंच होतं. मग सराव सुरू झाला.

सराव असा. एकानं विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक, आणि तिसऱ्यानं बाजूला बसून नोंद करायची. सगळं संभाषण नंतर शब्दशः लिहून काढायचं. माझ्या पहिल्या संभाषणाची नोंद गुजरातेतल्या एका शिक्षिकेनं केली होती. दहा मिनिटांत मी समोरच्या 'मुला'ला अकरा सल्ले दिले होते. अकरा! आणि एकदाही त्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. कागदावर स्वतःचं बोलणं वाचताना मला रडू फुटलं. कारण त्यातलं पहिलंच वाक्य होतं, "काळजी करू नको, मी बघते."

त्या कागदावरून मी जे शिकले ते कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट सापडलं नाही. समजा, मूल म्हणालं, "मला शाळेत यायचंच नाही." आपण काय म्हणतो? "असं बोलू नये बाळा." किंवा "शाळेत नाही आलास तर पुढं काय करशील?" किंवा "माझ्या वेळी आम्ही पाच कोस चालत जायचो." तिन्ही उत्तरांनी मुलाचं तोंड बंद होतं. त्याऐवजी नुसतं "शाळेत यावंसं वाटत नाही..." असं म्हणून थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. दहा सेकंदांची शांतता किती लांब असते, करून बघा एकदा घरी! आपण ती भरून काढायला धावतो. मूल ती स्वतः भरतं, वेळ दिला तर.

कार्ल रॉजर्स नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि स्वतः खरं वागणं, या तीन गोष्टींवर त्यानं समुपदेशनाची मांडणी केली. ऐकायला हे साध्या चांगुलपणासारखं वाटतं. पण वर्गात चोरी केलेल्या मुलाचा 'विनाअट स्वीकार' करून दाखवा, मग कळतं. चोरीला मान्यता द्यायची नाही आणि मुलाला नाकारायचंही नाही. आम्हा शिक्षकांना तर हे फार जड जातं. आमच्या हातात खडू असतो, समुपदेशकाच्या हातात काहीच नसतं.

आणि गोपनीयता. माझ्या जखमेचाच विषय. तिथे शिकले की "कुणालाही सांगणार नाही" असं वचन समुपदेशकानं द्यायचंच नसतं. पहिल्याच भेटीत सांगायचं, "तू इथं जे बोलशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळं दुसऱ्याला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, अत्याचार करत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल. तेव्हा कुणाला सांगायचं ते आपण बोलून ठरवू." यात कायद्याचाही भाग आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. तिथे "घरची अब्रू" वगैरे काही चालत नाही. बालविवाहाचा सुगावा लागला तर १०९८ हा क्रमांक आहे, गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. २०१४ मध्ये माझ्या वर्गातल्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. शिक्षिका होते मी! पदवीधर!

त्या मुलीच्या बाबतीत काय करायला हवं होतं? त्याच्यावर मी भोपाळमध्ये एक अख्खं प्रकरण लिहिलं. आधी तिलाच विचारायला हवं होतं की घरी सांगितलं तर काय होईल असं तुला वाटतं. तिला उत्तर माहीत होतं, म्हणून तर ती "सांगू नका" म्हणाली होती. मग मुलाशी आणि त्याच्या पालकांशी शाळेनं बोलायचं. वाटेवर मैत्रिणींची सोबत जुळवायची. आणि तिच्या आईशी बोलायचंच तर तिला सांगून, तिच्यासमोर, आणि शाळा सोडायची गरज नाही हा शब्द घेऊन. इतकं साधं. पण साधं असतं ते शिकल्यावरच सुचतं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मी मेसमधली दाल खाल्ली आणि घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "मुखवटे छान बसलेत. तू तुझं कर."

ऑक्टोबरपासून इंटर्नशिप माझ्याच शाळेत. मुख्याध्यापकांनी मला प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली दिली. जुने नकाशे, मोडका ग्लोब, दोन खुर्च्या. मला कुलुपाचं कपाट हवं होतं, नोंदी ठेवायला. ते मिळवायला महिना गेला. "नोंदी बघायला काय हरकत आहे, मी मुख्याध्यापक आहे," असं सर म्हणाले तेव्हा पहिली परीक्षा झाली. मी नम्रपणे नाही म्हणाले. ते रागावले, पण पुन्हा मागितल्या नाहीत.

सातवीच्या वर्गात समाजमितीची चाचणी घेतली. काही अवघड नसतं. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, तुला बाकावर कोणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं. घरी येऊन चिठ्ठ्या मांडल्या तर एका मुलाचं नाव चाळीसपैकी एकाही चिठ्ठीवर नव्हतं. मी त्या वर्गाला दोन वर्षं शिकवत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो शांत होता, आणि शांत मुलं शिक्षकांना आवडतात! त्याला बोलावून "तुला मित्र का नाहीत?" असं विचारलं नाही, तेवढं शहाणपण आलं होतं. त्यानं स्वतः तिघांची नावं लिहिली होती. त्यातल्या दोघांबरोबर त्याला ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालायचं काम दिलं. दिवाळीनंतर तो डबा खायला त्यांच्यात बसू लागला.

एका मुलाला वाचताच येत नव्हतं. तोंडी विचारलं तर सगळं यायचं. २००७ साली 'तारे जमीं पर' आला तेव्हापासून असं मूल दिसलं की सगळे "डिस्लेक्सिया" म्हणून मोकळे होतात. पण समुपदेशकानं निदान करायचं नसतं, हेही डिप्लोम्यात पक्कं डोक्यात बसवतात. आपलं काम ओळखण्याचं आणि योग्य ठिकाणी पाठवण्याचं. तपासणी तज्ज्ञांनी करायची, सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. या मुलाच्या वडिलांना आधी माळकरी बुवाकडे जायचं होतं. मी अडवलं नाही. म्हटलं, बुवाकडे जा आणि दवाखान्यातही जा. दोन्हीकडे गेले.

आणि काही ठिकाणी काहीच करता आलं नाही, तेही सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला निघतात. आठवीतला एक मुलगा आला, म्हणाला, "बाई, मी जाणार." मी माझं सगळं नवं शिक्षण वापरलं, ऐकलं, थांबले, सल्ला दिला नाही. तो म्हणाला, "आईला बरं नाही. मी गेलो नाही तर बापाला अर्धा कोयता धरंल मुकादम. उचल दोघांची घेतलीय." यावर रॉजर्स काय म्हणाला असता मला माहीत नाही. मी त्याला शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, कारखान्याजवळच्या शाळेत दाखव म्हणून. पुढच्या वर्षी तो परत वर्गात होता. सगळेच येत नाहीत.

डिसेंबरात डिप्लोमा पूर्ण झाला. त्यानंतर कितीतरी जणींनी मला विचारलं, "आम्हालाही करायचंय, काय करू?" म्हणून थोडं हिशोबाचं बोलते.

तुम्ही बी.एड. झालेल्या शिक्षिका असाल तर एनसीईआरटीचा डिप्लोमा तुमच्यासाठीच आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, बालविकास यांत एम.ए. झालेल्यांनाही दार उघडं असतं. अटी, फी आणि तारखा दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घ्या. शिक्षिका नसाल आणि पदवी दुसऱ्याच विषयातली असेल, तर आजवर पुष्कळ जणी घरबसल्या पत्राद्वारे मानसशास्त्रात एम.ए. करायच्या. ती वाट आता बंद आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायचा आदेश विद्यापीठ अनुदान आयोगानं दिला. तेव्हा कुणी "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, आजच प्रवेश" म्हणत असेल तर पैसे भरण्याआधी विद्यापीठाकडे लेखी चौकशी करा. लहान गावातल्या बाईला हा निर्णय जाचकच आहे, मला त्याचा राग येतो. पण प्रत्यक्ष देखरेखीशिवाय हे काम शिकता येत नाही, हेही मी माझ्या त्या अकरा सल्ल्यांवरून सांगू शकते.

"सात दिवसांत समुपदेशक व्हा" असल्या जाहिरातींपासून तर दहा हात लांब राहा. सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं, भिंतीवर छान दिसतं. कोर्स निवडताना दोनच गोष्टी विचारा. प्रत्यक्ष मुलांबरोबर किती तास काम करायला मिळेल, आणि ते काम तपासणारं कुणी असेल का? आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक वगैरेंना लागते. शाळेतल्या समुपदेशकाचा डिप्लोमा म्हणजे ती नोंदणी नव्हे. दारावर पाटी लावून 'मानसोपचार' करायला मोकळीक मिळाली असं कुणी समजू नये.

नोकरीचं म्हणाल तर चित्र संमिश्र आहे. सीबीएसईनं २०१८ च्या नियमांत शाळांना समुपदेशक नेमणं सक्तीचं केलं. केंद्रीय विद्यालयं समुपदेशक कंत्राटी पद्धतीनं, मुलाखत घेऊन भरतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. विशाखापट्टणमला कोचिंगसाठी राहिलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात हा निर्णय आला. पण आमच्यासारख्या अनुदानित मराठी शाळांत समुपदेशकाचं वेगळं पद सहसा नसतंच. मी आजही आठवड्याचे तास पूर्ण घेते आणि समुपदेशन मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर करते. पगारात एक रुपया वाढलेला नाही. माझी एक मैत्रीण मात्र दोन इंग्रजी शाळांत आठवड्याचे दिवस वाटून घेऊन काम करते, तिचं बरं चाललंय. लहान गावात हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो. एका शाळेला पूर्ण पगार परवडत नाही, तीन शाळा मिळून परवडतो.

क्लार्कभाऊ निवृत्त झाले. जाण्याआधी वर्षभर त्यांचा नातू माझ्या खोलीत येत होता. का, ते कपाटात आहे.

२०२५ च्या जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत ती आली. नववीतली ती मुलगी. आता पंचविशीची, बरोबर दहा वर्षांची लेक. पाचवीत नाव घालायचं होतं. मी तिला खोलीत नेलं, दार लोटलं आणि इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली. "तेव्हा मी तुझ्या आईला..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही आता पोरींचं ऐकून घेता म्हणं. मग घरी सांगत नाही ना?"

मी सगळ्यांना सांगते तेच तिलाही सांगितलं. धोका असेल, छळ असेल, तर सांगावं लागतं. पण मुलीशी आधी बोलून.

तिनं जरा विचार केला. मग पिशवीतून दाखला काढून टेबलावर ठेवला.